फाटलेला आवाज, मुद्दाम
माउथ ऑर्गन रेकॉर्ड करायचा तर महागातला महाग माइक घ्या, हा दुकानदाराचा सल्ला ब्लूज वाजवणाऱ्याने खुशाल या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यावा. ब्लूज माउथ ऑर्गनवादक लिटल वॉल्टरच्या 1952च्या ‘ज्यूक’पासून शिकागो ब्लूजचा जो दाणेदार, किंचित फाटलेला सूर कानात बसला, तो निघतो भाषणाबिषणासाठी बनवलेल्या माइकमधून आणि ताणलेल्या व्हॉल्व्हच्या ॲम्पमधून. शुअरचा ‘ग्रीन बुलेट’ घ्या नाहीतर ॲस्टॅटिकचा जेटी-30. माइक आणि बाजा एकाच ओंजळीत असे आवळायचे की हवा निसटता कामा नये. बोटांत जराशी फट पडली की आवाज लगेच पातळ होतो. जुन्या जेटी-30मधल्या क्रिस्टलला मात्र उष्णता आणि दमट हवा सोसत नाही; मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हा माइक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबतच ठेवावा. साध्या मिक्सरला तो थेट जोडूही नये, इम्पीडन्स जुळत नाही आणि खर्जच गळतो. ॲम्प लहान बरा. पाच वॅटचा जुना फेंडर चॅम्प शेजारी दार ठोठावण्याआधीच हवा तसा फाटतो. त्याच्या स्पीकरपुढे शुअरचा एसएम57 माइक लावला की झालं. ‘है अपना दिल तो आवारा’ या गाण्यात राहुलदेव बर्मन यांनी वाजवलाय तसा स्वच्छ सूर हवा असेल, तर यातलं काहीच नको: वीत-दीड वीत अंतरावर एक बरा कंडेन्सर माइक, आणि पंखा बंद.