साखळी-विक्रीतील भांडवल कोणाचे?

गेल्या दिवाळीत वहीपूजन आटोपते न आटोपते तोच आमचा एक भाचा पेढीवर आला व साबण-तेलांच्या साखळी-विक्रीत मी सभासद व्हावे, असा आग्रह धरू लागला. या धंद्यात मुळीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. दुकानाचे भाडे नाही, भांडवल अल्प. फावल्या वेळात चार पैसे मिळविणाऱ्या भगिनीही आहेत. परंतु माल विकून होणारा नफा निराळा आणि माणसे जोडून होणारा निराळा. प्रत्येकाने सहा जण जोडावयाचे म्हटले, तर बाराव्या पायरीवर २१७ कोटी माणसे लागतील. तेवढी भारतात आहेत कोठे? १९७८ च्या कायद्याने पैसा फिरविण्याच्या योजनांवर बंदी घातली. २०२१ च्या नियमांनी थेट विक्रीस मुभा ठेवून पिरॅमिड योजना निषिद्ध ठरविल्या, ते योग्यच झाले.

पण सभासद बंधूंनो, आपला व्यापार उधारीवर, म्हणजे शब्दावर चालतो. भाच्यास माझे पैसे फारसे नकोच होते. त्याला हवी होती माझ्या गिऱ्हाइकांची यादी. साबणाच्या सहा वड्या मी रोखीने घेतल्या. यादी दिली नाही. तो रुसून गेला, अद्याप फिरकलेला नाही.