पाचोळा पेटवू नका

शेतकरी बांधवांनो, उन्हाळा आला की आपल्याकडे काडी ओढायला हात शिवशिवतात. बांध जाळायचा, उसाचे पाचट जाळायचे, आणि नवे गवत लवकर फुटावे म्हणून रानाच्या कडेचा पाचोळाही पेटवायचा. "जागा स्वच्छ झाली" असे वर म्हणायचे! माझे स्पष्ट मत आहे की यात आपण आपलेच घर जाळतो.

निर्ण्यापासून फार दूर नसलेले चिंचोळीचे जंगल पाहा. २०११ साली ते अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे १३५ चौरस किलोमीटर. तिथे नांगर चालत नाही, खताची गोणी पडत नाही. तरी झाडे उभी आहेत. पानांचा थर हाताने सारला की खाली काळपट, ओलसर चुरा लागतो. त्यात पांढरे धागे दिसतात, ती बुरशी. काही बुरशी पाने कुजवते. काही मुळांना चिकटून दुरून पाणी व स्फुरद आणून देते आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेते.

वाळवीला आपण शत्रू मानतो. दाराच्या चौकटीला लागली तर ती शत्रूच. पण कोरड्या मुलखात गांडुळापेक्षा तीच मातीची जास्त उलथापालथ करते. तिच्या बिळांतून पाणी आत मुरते. वारुळात ती पाचोळ्यावर बुरशी पिकवते, आणि पावसाळ्यात वारुळावर आपण अळंबी खुडतो ती याच शेतीतली.

चंदनाची गोष्ट तर आणखी न्यारी. ते आपली मुळे शेजाऱ्याच्या मुळांना जोडून पाणी आणि क्षार उचलते. म्हणून चंदनाच्या रोपाशेजारी तूर लावतात. होय, आपलीच तूर. तिच्या मुळांच्या गाठींतले जीवाणू हवेतले नत्र धरून ठेवतात.

आग लागली की पाचोळ्यातले नत्र धुरावाटे जाते आणि उरलेली राख पहिल्या सरीत वाहून जाते. माती उघडी पडते. बिदरच्या पठारावर तांबडी जमीन आहे, तिथे तर धोका मोठा. वरची माती धुपली की खालचा जांभा उन्हावाऱ्याने टणक होतो. बिदर किल्ल्याचा खंदक याच दगडात खोदलेला आहे. त्या दगडावर कोणी तूर पिकवून दाखवावी!

जाळल्याने कीड मरते, असे काही जण म्हणतात. थोडी मरते, हे खरे. पण तिला खाणारे किडेही त्याच आगीत जातात. तुराट्या चुलीला न्या, त्याला हरकत नाही. मात्र रानातला पाचोळा गाडी भरून शेतात आणू नका. ते रानाचे जेवण आहे.

यंदा एका बांधाला काडी लावू नका, पाचट सरीतच पसरू द्या. मृगाचे दोन पाऊस झाले की जळालेल्या आणि न जळालेल्या जागी खुरपे घालून पाहा. काय दिसले ते मिस्सानंतर भेटाल तेव्हा सांगा.