भास्कराचार्यांच्या नावावर फुकटची मोटर विकू नका

१/ परवा स्वारगेटच्या बसस्थानकावर साताऱ्याच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या काकांनी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. कडेला चुंबक बसवलेले चाक, वीज नाही, इंधन नाही, तरी अखंड फिरते आहे. विहिरीच्या पंपासाठी अशी मोटर घ्यावी म्हणून ते आगाऊ रक्कम भरण्याच्या बेतात होते. म्हणाले, "आपल्या भास्कराचार्यांनी हे आठशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय." प्रस्तुत धागा या एका वाक्याच्या प्रतिवादासाठी.

२/ वाक्य निराधार नाही. शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या यंत्राध्यायात 'स्वयंवह' यंत्र आहे. चाकाचे आरे पोकळ, प्रत्येक आऱ्यात निम्मा पारा. असे चाक आपोआप फिरते, असे आचार्य लिहितात. ब्रह्मगुप्तानेही इ. स. ६२८ मध्ये असेच चाक वर्णिले होते.

३/ ते चाक फिरत राहत नाही. पूर्ण फेऱ्यात पारा जितका खाली उतरतो तितकाच वर चढवावा लागतो. उतरताना मिळालेले चढताना खर्च होते. वर घर्षण आपला वाटा घेते. येथे आचार्य चुकले, हे मान्य करण्यात त्यांचा अवमान नाही.

४/ चुंबकाचेही तेच. जवळ येणाऱ्याला तो ओढतो, पण दूर जाणाऱ्यालाही सोडत नाही; फेऱ्याअखेर जमा शून्य. चुंबकाच्या अशा चाकाची कल्पना युरोपात पेत्रुस पेरेग्रिनुसने १२६९ मध्ये मांडली होती. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्ये असले प्रस्ताव तपासणेच बंद केले.

५/ "पण विजेच्या स्कूटरमध्ये चुंबकाची मोटर असतेच की!" असते. तेथे चुंबक केवळ चुंबकीय क्षेत्र पुरवतो, ऊर्जा बॅटरी देते. चुंबकच इंधन असता, तर पुण्यातील विजेच्या बसगाड्या चार्जिंगला कशाला लावाव्या लागल्या असत्या?

६/ आता चित्रफीतवाले जे सांगत नाहीत ते. त्याच यंत्राध्यायात आचार्य स्पष्ट म्हणतात की, अशी पुष्कळ स्वयंवह यंत्रे कुहकविद्येने, म्हणजे हातचलाखीने चालतात. गोलविषयाशी त्यांचा संबंध नाही, पूर्वसूरींनी सांगितली म्हणून आपणही सांगितली. ज्या अध्यायात हा इशारा आहे, त्याच्याच आधारे आज शेतकऱ्याच्या खिशाला हात घातला जातो. याला परंपरेचा अभिमान म्हणायचे?

७/ चाळीसगावजवळच्या पाटण येथे नातू चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला. ते ग्रंथ वाचले जावेत, हा हेतू शिलालेखात कोरलेला आहे. आपण मात्र न वाचताच जयजयकार करतो.

८/ सर्व यंत्रांत आचार्यांनी श्रेष्ठ मानले ते 'धीयंत्र', म्हणजे बुद्धी. काकांना मी एवढेच विचारले, "मोटर विकणाऱ्याच्या दुकानातला दिवा कशावर लागतो?" गाडी लागेपर्यंत त्यांनी रक्कम भरलेली नव्हती. तुमच्या घरच्या समूहात ती चित्रफीत आली, तर हाच प्रश्न विचारा.