हुबेहूब रणगाडा, अर्धी गोष्ट

छंदांना नावं ठेवायला फारसं डोकं लागत नाही. मोठी माणसं रणगाड्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल जोडण्यात सहा-सहा महिने घालवतात म्हटलं, की आपल्याकडे लगेच ‘दुसरा उद्योग नाही का?’ असा प्रश्न येतो. मी तो विचारणार नाही. हात आणि डोळे एका जागी खिळवून ठेवणारं कुठलंही काम माणसाला काहीतरी देतंच, असं मी मानतो. माझी तक्रार वेगळी आहे. हे शौकीन बारकाव्यांसाठी जीव टाकतात, पण तो बारकावा खऱ्या रणगाड्यावर आला कशासाठी, हे विचारण्याच्या आधीच थांबतात. मग रणगाडा हुबेहूब होतो आणि गोष्ट अर्धी राहते.

हे काम कसं चालतं, ते आधी पाहू. रणगाड्यांच्या मॉडेलचं सर्वांत रुळलेलं प्रमाण 1:35 आहे. ते कुणा इतिहासकारानं ठरवलेलं नाही. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीनं 1960च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं मोटारीवर चालणारं मॉडेल बाजारात आणलं. आत मोटार आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, एवढ्याच हिशेबानं त्याचा आकार ठरला होता. ते खपलं. पुढचे रणगाडेही त्याच मापात काढायचे म्हणून नंतर मोजून पाहिलं, तर प्रमाण निघालं साधारण 1:35. आज ज्या मापाच्या चौकटीत लोक अर्ध्या मिलिमीटरवरून वाद घालतात, ते माप बॅटरीनं दिलेलं आहे.

धातूचे भाग का लागतात, याचं उत्तरही साध्या गणितात आहे. खऱ्या रणगाड्याच्या मडगार्डचा पत्रा समजा तीन मिलिमीटर जाड आहे. पस्तीस पटींनी लहान केला, तर तो 0.1 मिलिमीटरपेक्षाही पातळ हवा. साच्यात ओतलेलं प्लॅस्टिक इतकं पातळ येत नाही. ते अर्धा मिलिमीटर धरलं आणि हिशेब उलटा केला, तर मडगार्ड साडेसतरा मिलिमीटर जाड होतो. म्हणजे पत्र्याच्या जागी जवळजवळ चिलखतच. म्हणून प्लॅस्टिकचा मडगार्ड कापून टाकायचा आणि त्या जागी पितळेचा बसवायचा. पितळेच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाच्या साहाय्यानं आकृती उमटवतात आणि नको असलेला भाग रसायनाला खायला देतात. उरतात जाळ्या, बिजागऱ्या, कड्या, अवजारं बांधायचे पट्टे. चेक प्रजासत्ताकातली एडुअर्ड, पोलंडची आबेर अशा कंपन्या हेच भाग बनवतात. कधीकधी या पितळेची किंमत मूळ किटपेक्षा जास्त होते.

पितळ वाकवण्याआधी ज्योतीवर धरून मऊ करावं लागतं. पुण्याच्या तांबट आळीत भांडं ठोकताना जे करतात तेच, फक्त इथे पत्रा नखाएवढा असतो. तोफेची नळी लेथवर कातलेल्या अॅल्युमिनियमची. ट्रॅकच्या कड्या शिशासारख्या मऊ धातूच्या, एकेक साफ करून तारेनं ओवायच्या. अमेरिकन शर्मन रणगाड्याला दोन्ही बाजू मिळून अशा दीडशेहून अधिक कड्या लागतात. हे सगळं सुमारे सतरा सेंटिमीटर लांबीच्या मॉडेलवर. एवढी चिकाटी ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडून आणखी एक अपेक्षा ठेवणं मला गैर वाटत नाही.

शर्मनचंच उदाहरण पुढे नेतो. दुसऱ्या महायुद्धात हे रणगाडे 49 हजारांहून अधिक बनले. किटच्या माहितीपत्रकात एका पायरीला तीन चौकोनी पट्ट्या बाजूंना चिकटवायला सांगतात, उजवीकडे दोन आणि डावीकडे एक. मॉडेल करणारे या पट्ट्यांची जाडी मोजतात, त्यांच्या कडांवर वेल्डिंगचा ओघळ हुबेहूब उठवतात. पण त्या तिथेच का आहेत? कारण त्यांच्या मागे आत तोफगोळे ठेवलेले असत. शत्रूचा गोळा चिलखत भेदून तिथे लागला, की आतला दारूगोळा पेटायचा. असे बरेच शर्मन जळाले, तेव्हा 1943 मध्ये नेमक्या त्या जागांवर जादा चिलखत जोडायला सुरुवात झाली. पुढच्या वर्षी गोळे तळाशी, पाण्यानं वेढलेल्या कप्प्यांत हलवले आणि आगी बऱ्याच कमी झाल्या. म्हणजे ती पट्टी ही सजावट नाही. आतल्या पाच माणसांपैकी कितीजण बाहेर पडू शकले नाहीत, त्या अनुभवावर ठोकलेलं ते ठिगळ आहे.

झाकणांचंही तसंच. सुरुवातीच्या शर्मनच्या टरेटमध्ये तीन माणसं बसायची: कमांडर, नेमबाज आणि गोळे भरणारा. वर झाकण एकच. आग लागली तर तिघांनी एका भोकातून बाहेर पडायचं, आणि भरणारा सर्वांत अडचणीच्या जागी. नंतरच्या टरेटला त्याच्यासाठी वेगळं, लंबगोल झाकण आलं. चालकाची झाकणंही पुढे मोठी झाली. मॉडेलच्या जगात या फरकाला ‘आधीची आवृत्ती’ आणि ‘नंतरची आवृत्ती’ म्हणतात, आणि चुकीच्या आवृत्तीवर चुकीचं झाकण लावलं की स्पर्धेत गुण कापले जातात. गुण जरूर कापा. पण त्या दोन झाकणांमधल्या काळात कोण अडकलं, हेही एकदा मनात येऊ द्या.

रणगाड्याच्या नाकावर बसवलेले पोलादी दात धातूच्या भागांमध्ये अनेकांना आवडतात. 1944च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीमध्ये शेतांच्या बांधांवर दाट झुडपांची कुंपणं होती. रणगाडा बांध चढू लागला, की त्याचं पातळ पोट शत्रूच्या समोर उघडं पडायचं. कर्टिस क्युलिन या अमेरिकन सार्जंटचं नाव ज्या उपायाशी जोडलेलं आहे तो असा: नाकाला दात जोडायचे आणि बांध चढण्याऐवजी तो फोडून जायचं. त्यासाठीचं बरंचसं पोलाद जर्मनांनी किनाऱ्यावर उभारलेल्या अडथळ्यांचंच होतं. काही पथकं पुढच्या चिलखतावर वाळूची पोती रचायची. त्यांचा उपयोग थोडाच, उलट वजनानं गाडी थकते, असं जाणकारांचं म्हणणं होतं. तरी पोरं पोती रचत राहिली. भीतीला तांत्रिक अहवाल पटत नाही. मॉडेलवरची ती पोती तीच भीती दाखवतात.

आता जर्मन टायगरकडे वळू, कारण या छंदाचा लाडका तोच. टायगरचा पहिला प्रकार साधारण 1,350च बनला. शर्मनच्या तुलनेत मूठभर. पण किटच्या दुकानात दोघांची गणती केली, तर युद्ध टायगरनंच लढलं असं वाटावं. त्याच्या चिलखतावर एक खडबडीत लेप असतो, त्याचीही पितळी पत्र्यातली नक्कल मिळते. चुंबकानं चिकटणारे सुरुंग बसू नयेत म्हणून 1943च्या उत्तरार्धापासून सुमारे वर्षभर जर्मन तो लेप लावत होते. तसे सुरुंग प्रामुख्यानं ते स्वतःच वापरत. शत्रूही ते आपल्यावर वापरेल, ही धास्ती.

हा रणगाडा कासेलच्या हेन्शेल कारखान्यात तयार झाला. युद्धकाळात त्या कारखान्यात परदेशांतून आणलेले वेठमजूर राबत होते. मॉडेलवर प्रत्येक बोल्ट असतो, तो पिळणारे हात नसतात. आणखी एक गोष्ट. जर्मनीत नाझी चिन्हांच्या प्रदर्शनावर कायद्यानं निर्बंध आहेत, म्हणून अनेक किटांमध्ये स्वस्तिक छापत नाहीत, किंवा दोन तुकड्यांत छापतात. कायद्याचा हेतू योग्यच आहे. पण त्यातून एक विचित्र परिणाम होतो. बोल्ट सगळे जागेवर, लेप जागेवर, आणि ज्या राजवटीसाठी हे यंत्र धावलं, तिचं नावनिशाण नाही. टायगर मग निव्वळ ‘उत्तम अभियांत्रिकी’ म्हणून कपाटात उभा राहतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: “छंद आहे, छंदासारखा करू द्या. दिवसभराच्या कटकटीनंतर दोन तास शांतता मिळते, त्यातही इतिहासाचं ओझं कशाला?” हे म्हणणं मी उडवून लावत नाही. ती शांतता खरी आहे. पण अचूकतेचा आग्रह तुम्ही स्वतः धरला आहे. कुणी गमतीनं लाल-पिवळा रणगाडा रंगवला, तर त्याला मी काही विचारणार नाही. जो खिळे मोजतो, जुन्या छायाचित्रांवरून रंगाची छटा ठरवतो, दुसऱ्याची एक चुकलेली बिजागरी दाखवून देतो, त्यानं सत्याशी करार केलेला असतो. तो करार पत्र्यापाशी संपतो, असं त्याला एकतर्फी ठरवता येणार नाही.

आपल्याकडे प्रतिकृती करण्याची रीत नवी नाही. दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करतात. त्याला प्रमाण नसतं, मावळा बुरुजापेक्षा उंच असतो. पण किल्ला कुठला, तिथे कोण लढलं, हे सांगितल्याशिवाय पाहुण्याची सुटका नसते. मोहरममधला ताबूत बांबू आणि कागदाचा असतो. मूळ रोझ्याशी त्याची मापं कुणी ताडून पाहत नाही, पण तो कुणाच्या दुःखाचा आहे हे उचलणाऱ्याला ठाऊक असतं. या दोन्हींत हुबेहूबपणा कमी आणि आठवण पुरी असते. पितळी बिजागऱ्यांच्या मॉडेलमध्ये नेमकं उलट होतं. या दोन गोष्टी एकत्र यायला काहीच हरकत नाही.

शर्मनची गोष्ट युरोपात संपली नाही, म्हणून ती आपलीही आहे. सप्टेंबर 1965 मध्ये पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर भारताच्या डेक्कन हॉर्सचे शर्मन होते. त्याच युद्धात पाकिस्तानच्या फौजेकडेही शर्मन होते. त्याआधी 1956च्या सुवेझ युद्धात इस्रायलकडे शर्मन होते आणि इजिप्तकडेही. मॉडेलच्या भाषेत सांगायचं, तर रणगाडा जवळपास तोच, शेवटी चिकटवायचं डेकल वेगळं. पाण्यात भिजवून सरकवायचा तो कागदापेक्षा पातळ पापुद्रा ठरवतो, की आतले लोक ‘आपले’ की ‘त्यांचे’. आत मात्र तीच जागा, तेवढंच झाकण, तीच आग.

अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) रणगाडा संग्रहालयात पॅटनसह अनेक देशांचे रणगाडे आहेत. शाळेच्या सहली तिथे जातात, मुलं तोफेच्या नळीखाली उभी राहून फोटो काढतात. काढू द्यावेत. पण त्यांना एक झाकण दाखवून विचारावं, यातून बाहेर पडायला तुला किती वेळ लागेल? त्या प्रश्नानं मुलाला युद्ध जेवढं कळेल, तेवढं चौथऱ्यावर रंगवून ठेवलेल्या रणगाड्यानं कळणार नाही.

मॉडेल करणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच आहे. रणगाडा पूर्ण झाला, की त्याच्याशेजारी पोस्टकार्डाएवढा एक कागद ठेवा. कंपनी, प्रमाण, रंग हे लिहिताच, त्याखाली चार ओळी आणखी लिहा: ही पट्टी इथे का जोडली, हे झाकण का बदललं, हा बनवला कुणी, आणि आत किती माणसं होती. स्पर्धा भरवणाऱ्यांनी त्या चार ओळींनाही गुण ठेवावेत. सहा महिने पितळ वाकवणाऱ्याला त्यासाठी एक संध्याकाळ जास्त लागेल.