निळी रेषा, लाल रेषा आणि मुठेचे पाणी

१/ १२ जुलै १९६१. आंबी नदीवरील पानशेतचे अपुरे धरण फुटले आणि त्याच दिवशी खाली खडकवासल्याची जुनी भिंतही कोसळली. ही कथा आपणांस पाठ आहे. वाळूची पोती रचणारे जवानही आठवतात. मला मात्र आज धोक्याच्या हिशेबाविषयी लिहायचे आहे.

२/ महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखल्या जातात. ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. या 'शंभर वर्षां'नीच घात केला आहे! एकदा पूर येऊन गेला की शतकभर निश्चिंती, असा अर्थ लोक घेतात. वस्तुतः तो दर वर्षीचा १ टक्का संभव आहे. गतवर्षी पूर आला होता की नाही, याच्याशी त्यास कर्तव्य नाही.

३/ ३० वर्षांचे गृहकर्ज घ्या. तेवढ्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी एकदा तरी चढण्याचा संभव सुमारे २६ टक्के, निळ्या रेषेपर्यंत सुमारे ७०. हे आकडे खरेदीखतावरच छापावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बिल्डर मंडळी रागावतील, रागावोत.

४/ आणि पानशेत? ते या गणितात बसतच नाही. रेषा पाऊस व प्रवाहाच्या नोंदींवरून ठरते; धरण फुटणे हा निराळाच धोका. शिवाय धरण लहान पूर अडवते, पात्र कोरडे दिसू लागते आणि वस्ती हळूहळू खाली उतरते. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढताच सिंहगड रस्त्यालगतच्या नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरले, ते असेच.