कडुनिंबाखालची हिरवळ

भगिनींनो, वर्धेच्या उन्हाळ्यात अंगणातला कडुनिंब तोडायचे मनातही आणू नका. त्याच्या सावलीत हरळी टिकत नाही, कारण तिला भरपूर ऊन लागते. मग उघडी माती पावसाने वाहते, मुळ्या वर येतात. तिथे मोंडो गवत लावा. हे नावालाच गवत, कूळ शतावरीचे! मृग बरसला की ठोंब मुळांसकट फोडून वीतभर अंतरावर लावावेत. काळ्या मातीत पाणी साचते. वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळा. झाडाच्या जाड मुळ्यांना कुदळ लावू नका. ते पसरते फार सावकाश, दोन-तीन पावसाळे धरा. वैशाखात भाजी-तांदूळ धुतलेले पाणी संध्याकाळी घाला. तेवढ्याचीही ओढ असेल तर पाचोळाच पसरा, गवत पुढल्या वर्षी.