सांधे धरणारा ताप आणि हृदयाची झडप

साथ आली की राज्याच्या सीमेला एकाएकी महत्त्व प्राप्त होते. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रवाशांकडे आरटीपीसीआर अहवाल मागण्यासाठी कर्नाटकाने पुणे-बेंगळुरू महामार्गावर ज्या गावी पोलीस उभे केले, ते निपाणी तालुक्यातील कोगनोळी. एरवी सीमाप्रश्नाच्या आंदोलनांपुरते बातम्यांत येणारे हे गाव त्या दिवसांत गोव्याहून कोल्हापूर-पुण्याकडे जाणाऱ्यांनाही परिचित झाले. दूधगंगेच्या पुलापलीकडे कागल तालुका, म्हणजे महाराष्ट्र. नाक्यावर माणूस थांबवता येतो. डासाकडे मात्र अद्याप कोणी अहवाल मागितलेला नाही.

डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका हे तिन्ही विषाणू पसरवणारा डास एकच, एडिस. तो दिवसा चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोनमहिने तग धरतात. गेल्या काही वर्षांत सीमेच्या दोन्ही बाजूंनी त्याच्या खुणा उमटल्या. महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला. कर्नाटकातील पहिली नोंद डिसेंबर २०२२ मध्ये रायचूर जिल्ह्यातील पाच वर्षांच्या मुलीची झाली आणि तिचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केले. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण वाढत गेले, त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कर्नाटकाने डेंग्यू हा साथरोग म्हणून घोषित केला आणि आवारात डासांची पैदास होऊ देणाऱ्यांना दंडाची तरतूद केली. दंडाचा हा नियम दूधगंगेच्या पुलापाशी संपतो.

या भागाच्या स्मृतीत मात्र ठाण मांडून बसलेला आजार चिकुनगुन्या हाच आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याचा उद्रेक झाला होता; नंतर तो तीन दशके जवळजवळ विस्मरणात गेला आणि २००६ मध्ये परतला. त्या वर्षी देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी साडेसात लाखांहून अधिक एकट्या कर्नाटकातील आणि अडीच लाखांहून अधिक महाराष्ट्रातील होते. घरटी माणसे वाकून चालू लागली. तेव्हापासून ताप आणि सांधेदुखी एकत्र आली की नाव ठरलेले. डॉक्टरांकडे जाण्याआधीच घरात निदान झालेले असते आणि अनेकदा डॉक्टरही त्यावर शिक्कामोर्तब करून मोकळे होतात.

या सवयीची किंमत प्रौढाला फारशी मोजावी लागत नाही. ती मोजावी लागते पाच ते पंधरा वयाच्या मुलाला. ताप आणि सांधेदुखी घेऊन येणारा आणखी एक आजार आहे, त्याचा डासाशी काडीचा संबंध नाही आणि तो हृदयाच्या झडपा निकामी करतो. ऱ्हुमॅटिक फीवर, म्हणजेच संधिज्वर, हे त्याचे नाव.

त्याची सुरुवात साध्या घसादुखीने होते. स्ट्रेप्टोकोकस गटातील विशिष्ट जिवाणूमुळे घसा सुजतो, चार-पाच दिवसांत बरा होतो आणि घरचे विसरून जातात. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. जिवाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिकारशक्ती काही मुलांमध्ये स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते, कारण जिवाणूच्या काही घटकांचे हृदयातील ऊतींशी साम्य असते. सांध्यांची सूज थोड्या दिवसांत पूर्ण ओसरते, मागे काही व्यंग राहत नाही. मूल खेळायला लागते. झडपांवर राहिलेला व्रण मात्र तसाच राहतो आणि प्रत्येक नव्या घसादुखीबरोबर गडद होण्याचा धोका वाढतो.

दोन्ही आजारांत फरक आहे आणि तो बारकाईने विचारले तर बहुधा सापडतो. चिकुनगुन्यात ताप एकदम चढतो, मनगटे, बोटे, घोटे असे अनेक सांधे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी धरतात, पुष्कळदा अंगावर पुरळ उठते आणि दुखणे महिनोनमहिने रेंगाळते. संधिज्वरात मोठे सांधे दुखतात आणि दुखणे फिरते असते. आज गुडघा, परवा दुसऱ्या पायाचा घोटा, मग कोपर. काही मुलांचे हातपाय अनैच्छिकपणे हलू लागतात, अक्षर बिघडते, हातातली वस्तू पडते. त्यावर शाळेत बोलणी बसतात, ही आणखी एक शोकांतिका. डेंग्यूत सांध्यांपेक्षा अंगदुखी, डोळ्यांमागची कळ यांचा जोर असतो आणि खरा धोका ताप उतरताना असतो: पोटात तीव्र वेदना, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून रक्त, कमालीची मरगळ. झिका बहुतेकांना जाणवतही नाही. जाणवला तर सौम्य ताप, पुरळ, लाल डोळे एवढेच. त्याची भीती आहे ती गर्भातील बाळासाठी.

खरी अडचण औषधाची आहे. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये, कारण रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉलवरच थांबावे लागते. संधिज्वरात मात्र ॲस्पिरिन वर्गातील औषधेच सांध्यांवर गुणकारी ठरतात. म्हणजे एका आजाराचे औषध दुसऱ्यात विष. प्रत्यक्षात गावोगावी घडते ते तिसरेच. कोणतीही तपासणी न करता वेदनाशामकाचे आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते, एका रात्रीत मूल उठून बसते आणि डॉक्टरचे नाव होते. संधिज्वर ओळखण्याची जी ठळक खूण, ते फिरते सांधे, तीच पुसली जाते. सांधे बरे झाले म्हणून पुढे कोणी छातीला स्टेथोस्कोप लावत नाही, हृदयाची सोनोग्राफी तर दूरच.

हृदयाच्या झडपा बिघडण्याची कारणे अनेक आहेत. उतारवयात महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचते. काहींची तीन पाकळ्यांची झडप जन्मतःच दोन पाकळ्यांची असते. जंतुसंसर्ग थेट झडपेवर बसतो. युरोप-अमेरिकेत वार्धक्य हे मुख्य कारण झाले आहे. आपल्याकडे तरुण वयातील झडपविकारामागे आजही प्रामुख्याने बालपणीचा संधिज्वर असतो. २०१५ च्या जागतिक रोगभार अभ्यासाने जगभरातील अशा रुग्णांची संख्या सुमारे ३ कोटी ३४ लाख मांडली होती आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या आजारासाठी स्वतंत्र ठराव केला. हा दाटीवाटीचा आजार आहे. एका खोलीत सहा-सात माणसे झोपतात तेथे घशातला जिवाणू एका मुलाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. निपाणी परिसरातील तंबाखूच्या वखारींत आणि विड्या वळण्याच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कुटुंबांची घरे कशी आहेत, हे वेगळे सांगायला नको.

आजार कळतो तोवर वर्षे उलटलेली असतात. बहुधा ती मुलगी तोपर्यंत लग्न होऊन गेलेली असते. गरोदरपणात रक्ताचे आकारमान जवळजवळ निम्म्याने वाढते, अरुंद झालेल्या झडपेतून ते पुढे सरकत नाही, फुफ्फुसात पाणी भरते. पाचव्या-सहाव्या महिन्यातली धाप अशक्तपणाची समजली जाते. मग एखाद्या रात्री धावपळ करून तिला मोठ्या रुग्णालयात हलवले जाते आणि तेव्हा प्रथम ‘झडप’ हा शब्द कानी पडतो.

हलवायचे कोठे, हा कोगनोळीचा जुना प्रश्न. कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. ओळखपत्र कर्नाटकाचे, नातेवाईक आणि भाषा पलीकडची. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कर्नाटकाने त्यावर तीव्र आक्षेप घेतला. दोन्ही राज्यांनी आपापला हक्क ठासून सांगितला. शस्त्रक्रियेच्या खर्चावर एवढी चर्चा झाली. ती शस्त्रक्रिया टाळता आली असती, यावर कोणत्याही बाजूने चकार शब्द निघाला नाही.

गोव्याने याकडे दुरून पाहावे असे काही नाही. सीमाभागातील माणसे कामासाठी गोव्यात येतात, मुलांसह राहतात आणि गोव्यातील बांधकामांवर साचलेल्या पाण्यातले डास त्यांना व शेजारच्या बंगल्याला सारखेच चावतात. बांधकाम मजुरांसाठी गोव्यात मलेरिया तपासणीचे आरोग्यपत्र आहे आणि त्याचा उपयोगही झाला. पण ते काम करणाऱ्या प्रौढाचे. संधिज्वराच्या वयातील त्याचे मूल त्या पत्रात नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०१८ पासून बिगरगोमंतकीयांना शुल्क भरावे लागते. त्यामागचा आर्थिक विचार समजण्यासारखा आहे, तरी शुल्काच्या धास्तीने साधी घसादुखी तेथवर पोहोचणार नाही, हेही तितकेच खरे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत संधिज्वरजन्य हृद्‌विकाराचा समावेश २०१३ पासून आहे आणि त्याची पथके शाळांत वर्षातून एकदा जातात. पालकांच्या कामामागे फिरणारे मूल त्या दिवशी नेमके कोणत्या राज्याच्या शाळेत असते?

दोन्ही आजार एकाच देहात भेटतात तेव्हा गुंता आणखी वाढतो. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना, मग ती तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली देशी झडप असो वा परदेशी, रक्त गोठू न देणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. अशा रुग्णाला डेंग्यू झाला आणि प्लेटलेट घसरल्या, तर गोळी चालू ठेवल्यास रक्तस्रावाचा धोका, बंद केल्यास झडपेवर गुठळी धरण्याचा. हा निर्णय घरी किंवा औषधाच्या दुकानात घेण्याचा नव्हेच. तापाच्या पहिल्याच दिवशी रुग्णालय गाठून ‘झडप बसवलेली आहे’ हे आधी सांगावे लागते. त्यामुळे डासनिर्मूलनाच्या घरोघरच्या सर्वेक्षणात टाक्या-पिंपांबरोबर ‘घरात झडपेचा रुग्ण आहे का’ एवढा एक प्रश्न वाढवणे आरोग्य खात्याला अवघड नाही.

संधिज्वर होऊन गेलेल्या मुलाचा उपाय तर त्याहून स्वस्त आहे. दर तीन आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन, वर्षानुवर्षे, तारीख न चुकवता. त्याने घशाचा नवा संसर्ग अडतो आणि झडप वाचते. नोंदवही प्राथमिक आरोग्य केंद्रात असते. निपाणीच्या केंद्रात नाव असलेले मूल आईवडिलांबरोबर चार महिन्यांसाठी म्हापशाला आले की पुढच्या इंजेक्शनची तारीख त्या वहीत तशीच कोरी राहते, आणि म्हापशात त्या मुलाचे नाव कोणाकडेच नसते.